टोलनाका, ट्रक आणि ऑब्जेक्ट

प्रोग्रॅमिंग शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला झोपेतून उठवून विचारा, "क्लासचं एक उदाहरण दे." तो "स्टुडंट" म्हणेल. रोल नंबर, नाव, तीन विषयांचे गुण. एक गेटडेटा, एक पुटडेटा. मग दहा स्टुडंटांचा अ‍ॅरे, त्यावर फिरणारा एक लूप आणि लूपच्या आत एक इफ: पस्तीसपेक्षा कमी गुण असतील तर "फेल" छाप. मीही हेच लिहिलं, माझ्या आधीच्यांनी आणि नंतरच्यांनीही हेच लिहिलं. जर्नलमध्ये डाव्या पानावर फ्लोचार्ट, उजव्या पानावर प्रोग्रॅम, खाली सरांची सही.

हा प्रोग्रॅम चालतो, त्यात चूक काही नाही. पण माझा त्याच्यावर जुना राग आहे. त्यात अ‍ॅरे लागतो, लूप लागतो, इफ लागतो. ऑब्जेक्ट मात्र कशालाच लागत नाही. चार साधे अ‍ॅरे घेतले तरी तोच निकाल छापून येतो. म्हणजे ज्या गोष्टीची गरजच नाही तीच गोष्ट ज्या उदाहरणातून शिकवायची, ते उदाहरण आपण पिढ्यानपिढ्या पोरांच्या गळ्यात मारत आलो आहोत. पोरं हुशार असतात. त्यांना हे कळतं. फक्त "हे निरुपयोगी आहे" असं न म्हणता ती "मला हे जमत नाही" असं म्हणतात, आणि तिथे खरा घोटाळा होतो.

मी राहतो त्या बर दुबईत याचा एक नमुना पाहायला मिळाला. बर दुबई म्हणजे दुबईच्या खाडीचा पश्चिमेकडचा, जुना भाग. पलीकडच्या काठावर देरा. (अरबीत "बर" म्हणजे मुख्य भूमी.) इथल्या खालिद बिन अल वलीद रस्त्याला आमच्याकडे सगळे कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणतात, इतकी कॉम्प्युटरची दुकानं तिथे दाटीवाटीने आहेत. त्यातल्याच एका दुकानात माझे एक मित्र काम करतात. त्यांची मुलगी इथे बारावी करून पुण्याला इंजिनियरिंगला गेली आणि पहिल्याच वर्षी प्रोग्रॅमिंगमध्ये केटी घेऊन सुट्टीला घरी आली. बाप दिवसभर लोकांना कॉम्प्युटर जोडून देतो आणि मुलीला कॉम्प्युटरचीच केटी, यावरून घरात जे व्हायचं ते झालं होतं. मुलगी शाखा बदलायच्या, किंबहुना इंजिनियरिंगच सोडायच्या गोष्टी करत होती. तिच्यासमोर सरावाचा कागद होता: ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, कंडिशन आणि लूप वापरून अमुक लिहा, तमुक लिहा. पहिलाच प्रश्न अर्थात स्टुडंटचा.

ती म्हणाली, "काका, पण हे अ‍ॅरेमध्ये होतंय की. क्लास कशाला?"

मी सिम्युलेशनवर डॉक्टरेट केली आहे. पोटापाण्यासाठी दिवसभर ऑब्जेक्टच हाकत असतो. तरीसुद्धा तिच्या प्रश्नाला स्टुडंटच्या उदाहरणातून देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण त्या उदाहरणापुरतं तिचं म्हणणं बरोबर होतं. उत्तर इतिहासात होतं. आणि तो इतिहास, गंमत म्हणजे, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका गोष्टीशी येऊन भिडतो.

पण आधी ऑब्जेक्टची थोरली भावंडं. अ‍ॅरे, लूप आणि इफ ही त्रयी ऑब्जेक्टपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी आहे. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रॅन आणली, तेव्हा ती आली शास्त्रज्ञांच्या आकडेमोडीसाठी. तिथे अ‍ॅरे म्हणजे गणितातला मेट्रिक्स. लूप म्हणजे गणितात बेरजेच्या चिन्हाखाली "आय बरोबर १ ते एन" लिहितात, तेच. चलाच्या नावाचं पहिलं अक्षर आय ते एनपैकी असेल तर ते पूर्णांक, हा फोरट्रॅनचा नियमही गणितातल्या याच सवयीतून आला, आणि आजही जगभरची पोरं लूपच्या चलाला "आय" म्हणतात ती त्याच परंपरेत. इफचा अवतार तर मजेशीर होता. त्याला "खरं की खोटं" कळायचं नाही. एक संख्या द्यायची आणि तीन पत्ते द्यायचे: ऋण असेल तर इकडे जा, शून्य असेल तर तिकडे, धन असेल तर पलीकडे. तिठ्यावर उभ्या असलेल्या हवालदारासारखा. डू नावाचा लूपही हट्टी. जुन्या बऱ्याच कंपायलरांवर तो निदान एकदा फिरायचाच, शून्य वेळा फिरायला सांगितलं तरी.

मुंबईत ही विद्या बरीच लवकर पोचली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर देशातच बांधला गेला आणि १९६० साली पूर्ण रूपात सुरू झाला. मेमरी २०४८ शब्दांची. त्यावर लिहायचं ते यंत्राच्याच भाषेत, म्हणजे लूप हवा असेल तर उडी मारायची आज्ञा स्वतः लिहायची, अ‍ॅरे हवा असेल तर पत्ते स्वतः मोजायचे. मग १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आला आणि फोरट्रॅनचं युग सुरू झालं. ऐंशी रकान्यांची पंच केलेली कार्डं, पहिले पाच रकाने क्रमांकाला, सहावा मागच्या ओळीचं शेपूट पुढे न्यायला, सातव्यापासून मजकूर. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि कागद परत येण्याची वाट बघायची. लूप एकदा जास्त फिरला हे कळायला तेवढी वाट बघावी लागायची, म्हणून माणसं तो आधी कागदावर हाताने फिरवून बघायची. आजच्या पोरांना रन दाबलं की क्षणात कळतं, म्हणून ती हाताने फिरवत नाहीत. मला विचाराल तर ही सवय जायला नको होती.

अ‍ॅरेच्या बाबतीत एक भांडण मात्र अजून जिवंत आहे. फोरट्रॅनमध्ये मोजणी एकपासून, कारण गणितज्ञ तशीच मोजतात. पुढे सी भाषा आली तिच्यात शून्यापासून, कारण तिथे अ‍ॅरेचं नाव म्हणजे पहिल्या घराचा पत्ता आणि कंसातला आकडा म्हणजे तिथून किती घरं पुढे जायचं. पहिल्या घरासाठी शून्य घरं पुढे. इंग्रजी वातावरणात वाढलेल्या अमेरिकन पोरांना हे भयंकर जड जातं असं मी पाहिलंय, कारण त्यांच्या इमारतीत जमिनीलगतचा मजलाच "पहिला" असतो. आपल्याकडे तळमजला, मग पहिला. मराठी माणूस जन्मापासून शून्यावरून मजले मोजतो. बर दुबईतल्या लिफ्टमध्ये तर "जी" नंतर "एम" म्हणजे मेझनाइन येतो आणि मग एक, म्हणजे पहिला मजला प्रत्यक्षात दुसऱ्या घरात. यावरून त्या मुलीला मी दहा घरांच्या अ‍ॅरेत शेवटचं घर नववं का, हे समजावलं तेव्हा तिला ते अर्ध्या मिनिटात पटलं. असो.

तर या त्रयीला एक मर्यादा होती आणि ती पहिल्यांदा जाचली नॉर्वेत. क्रिस्टन नीगार्ड हा ऑस्लोतला गणिती माणूस. त्याने कारकिर्दीची सुरुवात नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत केली, अणुभट्टीच्या आकडेमोडीपासून. नंतर तो ऑपरेशन्स रिसर्चकडे वळला. म्हणजे काय, तर रांगांचा अभ्यास. कारखान्यात मालाची, बंदरात जहाजांची, काउंटरवर माणसांची. रांग किती वाढेल, काउंटर किती लागतील, हे सूत्राने सुटत नाही तेव्हा खेळ मांडून बघावं लागतं: कॉम्प्युटरमध्ये खोटी माणसं सोडायची, खोट्या काउंटरवर उभी करायची आणि काय होतं ते मोजायचं. १९६० साली तो नॉर्वेच्या संगणक केंद्रात आला आणि तिथे त्याला ओले-योहान डाल हा जोडीदार मिळाला. नीगार्डला काय हवं ते माहीत होतं आणि ते यंत्रात कसं बसवायचं ते डालला माहीत होतं. ऑगस्ट १९६३ मध्ये केंद्रात युनिव्हॅक ११०७ आला आणि त्यावर त्यांनी सिम्युला नावाची भाषा उभी केली.

त्यांची अडचण काय होती ते नीट बघू, कारण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. त्यांनी पाया म्हणून अल्गोल ६० ही भाषा घेतली होती. अल्गोलमध्ये प्रोग्रॅमचा एक तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, सुरू झाला की त्याच्या आतली चलं जन्मतात, आणि तुकडा संपला की ती मरतात. थाळीवर थाळी रचावी तशी ही रचना: सगळ्यात वरची थाळी आधी उचलायची. आकडेमोडीला हे उत्तम. पण रांगेतलं गिऱ्हाईक असं वागत नाही. ते आत येतं, थांबतं, थांबलेलं असताना आपलं सामान आणि आपली आल्याची वेळ सांभाळून असतं, आणि त्याच्या आधी आलेला माणूस त्याच्याही आधी निघून जातो. थाळ्यांच्या हिशेबात म्हणजे सगळ्यात खालची थाळी आधी काढायची. म्हणून डालने मेमरीची व्यवस्थाच बदलली. ब्लॉकला सांगितलं, तू मरू नकोस; तुझी चलं घेऊन बाजूला थांब, नंबर आला की पुढे चालू हो.

पुढे ज्याला ऑब्जेक्ट म्हणू लागले तो हा. मेला नाही असा ब्लॉक.

सिम्युलाची पहिली आवृत्ती १९६५ च्या सुरुवातीला चालायला लागली. वापरायला लागल्यावर दुसरी अडचण कळली, आणि त्या वेळी डाल-नीगार्डच्या डोळ्यासमोर जे उदाहरण होतं ते असं: एक पूल, पुलावर टोलनाका आणि नाक्यासमोर वाहनांची रांग. रांगेत ट्रक आणि बस. आता रांगेच्या दृष्टीने दोघे सारखेच: पुढे कोण, मागे कोण, आला कधी. पण ट्रकला माल असतो आणि बसला उतारू असतात. ट्रक वेगळा लिहिला आणि बस वेगळी लिहिली तर रांगेचा सगळा मजकूर दोनदा लिहावा लागतो. उद्या खासगी गाडी आली की तिसऱ्यांदा. सगळं एकाच साच्यात कोंबलं तर बसला टनेज आणि ट्रकला तिकिटं चिकटतात.

त्याच सुमारास, सप्टेंबर १९६६ मध्ये, टोनी होअर यांनी फ्रान्समधल्या एका उन्हाळी वर्गात रेकॉर्ड आणि त्यांचे वर्ग याबद्दलची आपली कल्पना मांडली होती. ती डाल-नीगार्डना आवडली पण पुरेशी पडली नाही. मग १९६६ चा डिसेंबर संपता संपता त्यांना तोड सापडली. प्रत्येक वाहनाला दोन थर. वरचा थर सगळ्यांना समान: पुढचा, मागचा, वेळ. खालचा थर ज्याचा त्याचा: ट्रकचा माल, बसचे उतारू. "वाहन" असं एकदा लिहायचं आणि मग "वाहन" हा शब्द पुढे लावून ट्रक लिहायचा, पुढे लावून बस लिहायची. रांगेला फक्त वरचा थर दिसतो, म्हणून तिच्यात कोणीही उभं राहू शकतं. पुस्तकात ज्याला इनहेरिटन्स म्हणतात, आणि जे "कुत्रा हा प्राणी आहे, मांजर हा प्राणी आहे" असलं काहीतरी सांगून शिकवतात, ते मुळात टोलनाक्यावरच्या ट्रकचं आणि बसचं भांडण मिटवण्यासाठी आलं. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लिसेबू इथे भरलेल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. भाषेचं नाव सिम्युला ६७.

या भाषेचा गाजावाजा फार झाला नाही, पण योग्य हातांत ती पडली. अमेरिकेत युटा विद्यापीठात १९६६ साली अ‍ॅलन के नावाच्या विद्यार्थ्याला एक अल्गोल कंपायलर चालू करून दे म्हणून काम दिलं होतं. प्रोग्रॅमचा कागद त्याने व्हरांड्यात पसरला, त्यावर रांगत रांगत तो वाचला, तेव्हा कळलं की हा अल्गोल नाहीच, ही सिम्युला आहे. त्यातून पुढे स्मॉलटॉक. दुसरा माणूस डेन्मार्कचा, ब्यार्न स्ट्राउस्ट्रप. तो केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युलात प्रोग्रॅम लिहीत होता. लिहायला सुख, पण चालायला इतका मंद की शेवटी सगळं दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहावं लागलं. (पीएचडीत असं काही ना काही प्रत्येकाच्या वाट्याला येतं.) १९७९ साली तो बेल लॅब्जमध्ये गेला आणि सीला सिम्युलाचे क्लास जोडायला बसला. तिचं नाव १९८३ साली सी प्लस प्लस झालं. "क्लास" हा शब्दसुद्धा सिम्युलाकडूनच उचललेला.

यानंतरचा प्रवास आपल्या ओळखीचा. बोरलँडने १९९० साली टर्बो सी प्लस प्लस आणलं, त्याचा निळा पडदा भारतातल्या शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये येऊन बसला आणि पंचवीस वर्षं हलला नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं "लेट अस सी" घराघरात गेलं. निदान सी शिकण्यापुरतं तरी त्या पुस्तकाचं ऋण आमची पिढी मान्य करेल. पण सी प्लस प्लसचं प्रकरण वेगळ्याच वाटेने गेलं. १९९८ साली भाषेचं अधिकृत मानक ठरलं, जुन्या हेडर फाइली आणि "व्हॉइड मेन" त्या मानकात बसत नव्हते, तरी आपण तेच घोकत राहिलो. नवीन चौसष्ट बिटांच्या विंडोजवर टर्बो चालेना, तर डॉसबॉक्स घालून चालवलं. कॉम्प्युटर स्ट्रीटवरून आणलेल्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर, डॉसचं सोंग आणून, त्यात १९९० चा निळा पडदा उघडून बसलेली सीबीएसईची पोरं मी इथे घरोघरी पाहिली आहेत. २०२० च्या सुमारास बारावीतून सी प्लस प्लस गेलं आणि पायथन आलं, ते बरंच झालं. मात्र त्याबरोबर क्लास आणि ऑब्जेक्टचं प्रकरणही गेलं. त्यामुळे आता ऑब्जेक्टशी पहिली गाठ पडते ती थेट इंजिनियरिंगमध्ये, एका सत्रात, आणि ती पडते पुन्हा त्याच स्टुडंटच्या रूपात.

सिम्युलापासून स्टुडंटपर्यंत येताना रांग हरवली. ट्रक गेला, बस गेली, थांबणं गेलं, निघून जाणं गेलं. उरला रोल नंबरप्रमाणे आपापल्या बाकावर बसलेला वर्ग, ज्यात कोणी हलत नाही. न हलणाऱ्या गोष्टींना अ‍ॅरे पुरतो.

म्हणून मी त्या मुलीला स्टुडंट बाजूला ठेवायला सांगितलं आणि मक्तूम पूल लिहायला लावला. अल मक्तूम पूल हा दुबईच्या खाडीवरचा पहिला पूल, बर दुबईला देऱ्याशी जोडणारा. तो सुरू झाला १९६३ साली, म्हणजे ऑस्लोत युनिव्हॅक आला त्याच वर्षी. त्याआधी पलीकडे जायचं तर अब्रा, म्हणजे खाडीतली छोटी होडी, नाहीतर खाडीला वळसा. आणि या पुलावर खरोखरचा टोल होता. १९७३ पर्यंत तो चालू होता. सुरुवातीच्या त्या वर्षांत इथलं चलन कोणतं होतं माहीत आहे? रुपया. रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी १९५९ पासून वेगळ्या नोटा काढल्या होत्या, त्या १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन होईपर्यंत इथे चालत. म्हणजे डाल आणि नीगार्ड कागदावर टोलनाका काढत बसले होते त्या सुमारास इथे हाडामासाचा माणूस नाक्यावर बसून ट्रककडून पैसे घेत होता.

पहिल्यांदा तिला मुद्दाम अ‍ॅरेच वापरू दिले. एक अ‍ॅरे प्रकाराचा, एक आल्याच्या वेळेचा, एक मालाचा, एक उतारूंचा. लूप दर मिनिटाला एकदा फिरतो; नवीन वाहन आलं असेल तर शेवटी जोडायचं, नाका मोकळा असेल तर पहिलं वाहन सोडायचं. पहिलं वाहन गेलं की बाकीची सगळी एक घर पुढे सरकवायची, चारही अ‍ॅरेंत. हेही जमलं. मग मी म्हटलं, "रांगेत मधेच एक बस बंद पडली, तिला बाजूला काढ." तिने काढली. प्रोग्रॅम चालला, कंपायलर काही बोलला नाही, आणि पुढच्याच मिनिटाला बारा टन माल घेतलेली बस पूल ओलांडून देऱ्याला गेली. चारांपैकी एक अ‍ॅरे सरकवायचा राहिला होता. ती बराच वेळ त्या बसकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे गाडीचं सामान गाडीबरोबरच जायला पाहिजे ना." मी काहीच म्हटलं नाही. तिने क्लास लिहायला घेतला, मी चहा टाकायला उठलो.

केटी पुढच्या सत्रात सुटली. शाखा बदलायची की नाही हा वाद घरात नंतरही चालला, तो त्यांचा प्रश्न. पण "मला जमत नाही" हे वाक्य बंद झालं, एवढं मी पाहिलं.

आपल्याकडे हे सगळ्यांनीच दुर्लक्षलं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. आयआयटी मुंबईच्या अभिराम रानड्यांचं सी प्लस प्लसवरचं पुस्तक २०१४ साली आलं. नवशिक्यांसाठीच आहे. त्यात सुरुवातीला बेरीज नाही, "हॅलो वर्ल्ड" नाही. कासव आहे. कासवाला सांगायचं, शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश डावीकडे वळ, असं चारदा कर. पडद्यावर चौकोन उमटतो. "चारदा कर" हा त्यांनी खास बनवलेला लूप, ज्यात ना आय आहे ना शून्य-एकचं भांडण. ते सगळं नंतर, पोराला लूप म्हणजे काय हे डोळ्यांनी दिसल्यावर. (कासवाची मूळ कल्पना सीमोर पॅपर्ट यांच्या लोगो भाषेतली, १९६० च्या दशकातली.) आणि त्याच पुस्तकात पुढे घटनांवर चालणाऱ्या सिम्युलेशनचंही प्रकरण आहे. म्हणजे ऑस्लोहून निघालेली रांग पवईला पोचली होती. पुण्या-नाशिकच्या प्रॅक्टिकलच्या वहीत ती का पोचली नाही, याचं माझं उत्तर कडू आहे: स्टुडंटचा प्रोग्रॅम तपासायला सोपा असतो. सगळ्या वर्गाचा आउटपुट सारखा येतो. रांगेचा प्रत्येकाचा वेगळा येतो आणि मग सरांना वाचावं लागतं.

डाल आणि नीगार्ड या दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि २००२ च्या उन्हाळ्यात, दीड महिन्याच्या अंतराने, दोघेही गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, मक्तूम पुलावर टोल परत आला. दुबईत त्याला सालिक म्हणतात. अर्थ मोकळा, अडथळा नसलेला. नाका नाही, माणूस नाही, थांबणं नाही. काचेवरचा टॅग वरच्या कमानीतून वाचला जातो आणि खात्यातून पैसे वळते होतात. आधी सरसकट चार दिरहॅम होते. ३१ जानेवारी २०२५ पासून दर वेळेप्रमाणे बदलतात, आणि कंडिशनच्या सरावाला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही. सणवार, रमजान वगैरे अपवाद सोडून तो असा:

जर पहाटे १ ते ६ असेल तर टोल ०
नाहीतर जर रविवार असेल तर टोल ४
नाहीतर जर सकाळी ६ ते १० किंवा दुपारी ४ ते रात्री ८ असेल तर टोल ६
नाहीतर टोल ४

सोपं दिसतं. पण पोरांना फक्त नियम सांगा आणि लिहायला द्या. निम्मी पोरं शेवटच्या "नाहीतर"ऐवजी रात्री ८ ते १ ही अट वेगळी लिहितात: तास वीसपेक्षा कमी नाही आणि तास एकपेक्षा कमी आहे. असा तास घड्याळात नाही. अट कधीच खरी होत नाही, आणि रात्री नऊ वाजता सगळी दुबई फुकट पूल ओलांडते. पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली तर काय होतं, तेही करून बघा. रविवारी पहाटे तीनला निघालेल्या माणसाच्या खिशाला कळेल.

आता रांग नाही, तर मग ऑब्जेक्ट कशाला, असं कोणी विचारेल. त्याला देऱ्याच्या पलीकडे शारजाच्या वाटेवर अल ममझरला पाठवा. तिथे उत्तर आणि दक्षिण अशा दोन कमानी आहेत. एकाच दिशेने जाताना एका तासाच्या आत दोन्ही ओलांडल्या तर टोल एकदाच. तासापेक्षा जास्त वेळ लागला तर दोनदा. कमानीला हे ठरवता येत नाही, तिच्यासमोर तर फक्त एक गाडी येऊन गेलेली असते. लक्षात गाडीच्या खात्याने ठेवायचं असतं: मागची कमान कोणती, दिशा कोणती, वेळ काय. हा क्लास लिहा. रात्री पावणेबाराला उत्तरेची आणि सव्वाबाराला दक्षिणेची कमान ओलांडणारी एक गाडी त्यातून सोडून बघा, आणि तारीख बदलल्यावर तुमचा प्रोग्रॅम त्या अर्ध्या तासाचा हिशेब किती लावतो ते पाहा.